सगळ्यांनी एकदमच या

आमच्या मंडळाच्या महाराष्ट्र दिनाचं सूत्रसंचालन गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे, आणि ते मी चांगलं करतो. हे माझं मीच सांगतोय, कारण आपलं कौतुक दुसऱ्याने करावं म्हणून वाट बघत बसलं तर माणूस म्हातारा होतो. एरवी मी इथल्या, म्हणजे ॲरिझोनातल्या चँडलरच्या, चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात पाणी शुद्ध करायच्या विभागात असतो. तिथे दिवसभर यंत्रांवरचे आकडे बघायचे आणि चार शब्द बोलायचे, तेही इंग्रजीत. त्यामुळे वर्षातून एकदा माईक हातात आला की साठलेलं सगळं मराठी एकदम बाहेर पडतं. माझी बायको म्हणते, कार्यक्रमाला दोन स्वयंसेवक जास्त घ्या, एक याला माईक द्यायला आणि एक तो काढून घ्यायला.

कार्यक्रम मेच्या पहिल्या शनिवारी असतो. एका शाळेचं सभागृह भाड्याने घ्यायचं. फेटे, लेझीम, लहान मुलांचं नाटुकलं, आणि जेवणाच्या आधी गुणगौरव. त्या वर्षी बारावी संपवून कॉलेजात निघालेल्या मुलांना स्टेजवर बोलवायचं, शाल पांघरायची, नारळ द्यायचा. इथल्या बहुतेक कॉलेजांना आपला होकार कळवायची शेवटची तारीखही एक मे असते. म्हणजे महाराष्ट्र दिनाला घराघरात मुलांचं ठरतं आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे त्यांची नावं पुकारली जातात. पंचांग बघून मुहूर्त काढला असता तरी इतका जुळला नसता.

पहिल्या वर्षी मी नावं आली तशी वाचली आणि फसलो. एक मुलगी पूर्वेकडच्या एका मोठ्या खासगी कॉलेजात निघाली होती. आमच्या गावाकडच्या रिक्षावाल्यालाही नाव ठाऊक असावं असं ते कॉलेज. तिचा नंबर आला अकरावा. तोवर लोकांचे हात टाळ्या वाजवून दुखायला लागले होते आणि अर्धी सभा वासावरून आज भजी आहेत की वडे याचा अंदाज बांधत होती. तिच्या वडिलांनी मला नंतर जेवणाच्या रांगेत गाठलं. "छान केलंत हं," एवढंच म्हणाले, पण तो 'हं' असा काही होता की मी गोड न घेताच रांगेतून बाहेर पडलो.

दुसऱ्या वर्षी मी क्रम लावला. मोठ्या खासगी कॉलेजांची मुलं आधी, एकेक करून. प्रत्येकासाठी मी दोन ओळी लिहायचो, जमलं तर यमक जुळवून. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते शाल, हातात नारळ, आईबाबांनाही वर बोलवायचं, फोटो. मग दुसऱ्या राज्यांतल्या बऱ्यापैकी कॉलेजांची मुलं. आणि सगळ्यांत शेवटी मी आवाज चढवून म्हणायचो, "आणि आता आपल्याच राज्याच्या विद्यापीठात शिकणारी आपली गुणी मुलं! सगळ्यांनी एकदमच या!" त्या वर्षी चौदा जण होते. घोळक्याने वर आले, खोक्यातून एकेक नारळ उचलला, दोन रांगांत उभे राहिले, एक फोटो काढला आणि खाली उतरले. शाली तेवढ्या नव्हत्या, म्हणून त्यांना शाली नव्हत्या.

याला कारणही तयार होतं. मंडळाचं स्वयंपाकघर काकूंकडे असतं. काकू निवृत्त डॉक्टर. पस्तीस वर्षांपूर्वी, इथे मराठी माणूस औषधालाही सापडत नव्हता तेव्हा त्या आल्या, आणि चार घरं गोळा करून त्यांनीच हे मंडळ उभं केलं. त्या वर्षी घोळका स्टेजवर उभा होता तेवढ्यात काकूंनी सभागृहाच्या मागच्या दारातून झारा उंच धरून हलवला. मसालेभात गार होतोय, आटप, असा त्याचा अर्थ मी घेतला आणि आटपलं. कार्यक्रम दहा मिनिटं आधी संपला. कमिटीने माझं कौतुक केलं. तेव्हापासून दरवर्षी हाच क्रम, आणि कोणी विचारलंच तर भात गार होतो हे उत्तर. खरं तर विचारलं कोणीच नाही.

यंदा माझी मुलगी बारावी झाली.

ती आमची एकुलती एक. हुशारी आईची, हट्ट माझा. पंधराव्या वर्षी शाळेतल्या एका प्रकल्पासाठी तिने राज्याच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंना मेल पाठवलं. त्या जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करतात. प्रकल्प महिनाभरात संपला, पण ही दर रविवारी सकाळी त्यांच्या लोकांबरोबर विहिरींची पातळी मोजायला जाऊ लागली. इथल्या विहिरी म्हणजे जमिनीत उभा पुरलेला लोखंडी पाइप आणि त्याला झाकण. वाकून बघितलं तर काळोख दिसतो, बस. मी काही म्हटलं नाही. कॉलेजच्या अर्जात शोभून दिसेल, असा माझा हिशेब होता.

शोभलंही. मार्चच्या शेवटी दोन उत्तरं आली. एक राज्याच्या विद्यापीठाचं, ते येणारच होतं. आणि एक त्या दुसऱ्या कॉलेजचं, पूर्वेकडचं, रिक्षावाल्याला ठाऊक असलेल्यांपैकीच एक. मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तिचा मेसेज तीनदा वाचला आणि एकट्यानेच टाळी वाजवली. आम्हाला परवडणार होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ती बाजू संपली. त्या संध्याकाळी मी माझी सूत्रसंचालनाची वही काढली आणि तिच्यासाठी दोन ओळी लिहिल्या. यमक पहिल्या फटक्यात जुळलं.

एप्रिलमध्ये मी आणि मुलगी ते कॉलेज बघायला गेलो. दगडी इमारती, जुनी झाडं, दगडांवर शेवाळ. आमच्याकडे अंगणातही खडी पसरलेली असते, तेव्हा शेवाळ बघूनच मी अर्धा गार झालो होतो. एक विद्यार्थिनी उलटी चालत आम्हाला सगळं दाखवत होती आणि कुठेही अडखळत नव्हती. मुलीने तिला भूजलाबद्दल काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं, मुलगी हसली. मी तेव्हा त्यांच्या दुकानात टोपी विकत घेत होतो. परतताना विमानात ती घालूनच बसलो. शेजारच्या माणसाने विचारावं म्हणून दोनदा सारखी केली, पण तो झोपला होता.

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मी डिसाइड केलंय. मी आपल्या स्टेटच्या युनिव्हर्सिटीत जाणार."

मला वाटलं चेष्टा करतेय. "अगं, त्या कॉलेजात मुलं पाठवायला लोक जीव टाकतात!"

"तिथे डेझर्ट नाहीये, बाबा. त्यांचा क्लास स्प्रिंगमध्ये फील्डवर्कला कुठे जातो माहितीये? त्या मुलीने सांगितलं. ॲरिझोना! एक आठवडा दे फ्लाय हिअर. आय ॲम ऑलरेडी हिअर."

बायकोला हसू आलं. ती हसली म्हणून मला जास्त राग आला. माझा राग दुधासारखा आहे, नजर हटली की उतू जातो. मी म्हणालो, "म्हणजे काय, तुलाही एकदमच बोलवू? खोक्यातला नारळ उचलायला?"

मुलीने हातातली पोळी ताटात ठेवली.

"यू नेव्हर सेड देअर नेम्स," ती म्हणाली. "मी पहिल्या रांगेत बसायचे ना, मी काउंट करायचे. फर्स्ट टाइम चौदा होते. मग नऊ. लास्ट इयर सतरा. मला लेझीम शिकवणारी ताई पण त्यात होती. तुला तिचं नाव माहितीये?"

मला माहीत होतं. म्हणजे तिच्या वडिलांचं माहीत होतं.

मुलगी उठून गेल्यावर बायको ताटं गोळा करत म्हणाली, "तू कुठे शिकलास रे?"

हा प्रश्न नव्हता. मी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो आणि हे मी आजवर कोणाला सांगायचं सोडलेलं नाही. आमच्या वेळी तिकडे सरकारी कॉलेज म्हणजे मार्कांवर मिळालेली जागा. खासगी कॉलेज म्हणजे बापाने पैसे भरून घेतलेली. खासगीतल्या पोरांना आम्ही वरून खालपर्यंत न्याहाळायचो. मग विमानात बसलो आणि इकडे उतरेपर्यंत सगळा हिशेब उलटा झाला. कोणी शिकवला नाही, मीच इथल्या लोकांकडे बघून बघून शिकलो, आणि मग माईकवरून बाकीच्यांना शिकवला. बायकोने यातलं काहीच म्हटलं नाही. तिने फक्त नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

मंगळवारी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ओके बाबा. आय विल गो देअर. तुला एवढं वाटतंय तर. इट्स फाइन, रिअली." आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेली. मी तिचा बाप, आणि ती मला थोपटून गेली.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी चहा केला. पंधरा मिनिटं मी खूश होतो, हे कबूल करतो. मग पुढचे चार दिवस मी घरात इकडून तिकडे फिरलो आणि मला काय होतंय ते मला कळेना. शनिवारी दाराजवळ एक कागदी पिशवी दिसली. आत तिचे हातमोजे होते, निळ्या खडूच्या पावडरीची बाटली होती, आणि धुऊन पुसून ठेवलेले तिचे बूट. तीन वर्षांत तिने ते बूट कधी पुसले नव्हते. "नेक्स्ट व्हॉलंटियरसाठी," ती म्हणाली. "मी उद्या परत देऊन टाकते."

रविवारी सकाळी तिची गाडी सुरूच झाली नाही. इथलं ऊन गाड्यांच्या बॅटऱ्या खातं, ते आम्हाला नेहमीचंच. मी म्हणालो, चल, मी सोडतो.

गावाच्या दक्षिणेला, नवी घरं संपतात आणि कापसाची शेतं उरली आहेत, तिथे पहिली विहीर होती. साठीच्या, उन्हाने रापलेल्या एक बाई ट्रकला टेकून उभ्या होत्या. मुलीने ओळख करून दिली, माझे वडील. बाईंनी हात मिळवला आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, तुमची गाडी विहिरीच्या वाटेत आहे, मागे घ्या. मी घेतली.

मुलीने स्टीलची लांब टेप काढली, तिच्या टोकाच्या काही फुटांना निळा खडू फासला आणि पाइपातून खाली सोडायला लागली. सोडतच राहिली. मग हळूहळू वर गुंडाळली. पाणी लागतं तिथे खडूचा रंग गडद होतो. तो गडद भाग कुठे सुरू झाला ते वाचायचं, वजाबाकी करायची, की पातळी कळते. माझ्या कारखान्यात पाण्याचा थेंब मोजायला भिंतभर यंत्रं आहेत. इथे खडू. मी काहीतरी बोलायला पुढे झालो तर ती म्हणाली, "बाबा, शॅडो! तुझी शॅडो टेपवर पडतेय." मी बाजूला झालो.

तिने आकडा वाचला. त्या बाईंनी तो लिहिला. बस. टेप परत बघितली नाही, पुन्हा मोज म्हणाल्या नाहीत. माझी एक नोंद अजून दोन माणसं तपासतात, आणि मी तिथे अठरा वर्षं आहे. माझ्या मुलीचा शब्द त्या बाईंनी तिथल्या तिथे खरा धरला. माझा ऊर इतका भरून आला की मला गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहावं लागलं. त्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा असं झालं नव्हतं. तेव्हा मी फक्त टाळी वाजवली होती.

तिसरी विहीर कोरडी निघाली. टेप वर आली ती धुळीसकट, खडू होता तसा फिका. मुलीने वही घेतली आणि त्या विहिरीचा नंबर, तारीख, वेळ, सगळं व्यवस्थित वेगळ्या ओळीत लिहिलं, आणि पुढे 'कोरडी'.

मी विचारलं, "काही मिळालंच नाही तर लिहायचं कशाला?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "लिहिलं नाही तर पुढच्या वेळी कोणाला कसं कळणार, की ही पण इथे होती?"

तिला त्यात काहीच सुचवायचं नव्हतं. ती फक्त तिचं काम समजावून सांगत होती. पण मी तिथे उन्हात उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी वही आली.

शेवटची विहीर झाल्यावर तिने ती कागदी पिशवी त्या बाईंच्या हातात दिली. बाईंनी आत डोकावून बघितलं. बूट बघून त्यांना कळलं असावं, की ही त्या पूर्वेकडच्या कॉलेजात चालली आहे. त्या चांगलं आहे, मोठं कॉलेज आहे असं म्हणाल्या आणि ट्रकचं मागचं दार लावायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

मी मराठीत म्हणालो, "पिशवी परत घे."

"बाबा, दॅट्स रूड."

"घे म्हणतो ना. तू इथेच जायचंस. मी म्हणतो म्हणून नाही, तू ठरवलं होतंस म्हणून. मी त्या दिवशी जेवताना बोललो ते चुकलं माझं. फार चुकलं."

तिने माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. मी ती टोपी घालून आलो होतो. "ती दे मग," ती म्हणाली. "फील्डवर माझ्याकडे चांगली टोपीच नाहीये." तिने टोपी घातली, पिशवी परत घेतली आणि बाईंना काहीतरी म्हणाली. बाई इतक्या जोरात हसल्या की कापसातून चार पक्षी उडाले.

एक मेला सकाळी तिने होकार कळवला. माझ्याकडे कमिटीची यादी आली. राज्याच्या विद्यापीठात जाणारी यंदाची सोळा मुलं, त्यात एक माझी. मी वही उघडली. एका बाजूला माझी सगळी यमकं, पूर्ण नावं, आईवडिलांची नावं, कोण काय वाजवतं, कोण काय खेळतं. आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटच्या ओळीत, माझ्या अक्षरात: 'राज्य विद्यापीठ: १४'. पुढच्या वर्षी '९'. मागच्या वर्षी '१७'. मुलीने पहिल्या रांगेत बसून मोजलेले आकडे अगदी बरोबर होते. तिच्यासाठी लिहिलेल्या दोन ओळी मी खोडल्या.

मग फोन करायला बसलो. तीन संध्याकाळी गेल्या. पंधरा घरं. प्रत्येक घरी तोच सूर. "अहो, आमचं आपलं स्टेटच," वडील आवाज खाली आणून म्हणायचे. किंवा, "स्कॉलरशिप चांगली मिळाली म्हणून हं, नाहीतर..." मी बँकेतून थकबाकीसाठी फोन करत असल्यासारखे सगळे आधी स्पष्टीकरण द्यायचे. ही सवय त्यांना कोणी लावली ते मला ठाऊक होतं. मी म्हणायचो, ते राहू द्या, शिकणार काय आहे ते सांगा. मग हळूहळू आवाज वर यायचा. एकीचा धाकटा भाऊ चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, म्हणून ती लहान मुलांना बोलायला शिकवण्याचं शास्त्र शिकणार होती. एक जण शाळामास्तर होणार होता, गणिताचा. एकाच्या आईने पंचवीस मिनिटं सांगितलं आणि मग म्हणाली, "हे सगळं माईकवर सांगणार का?" मी म्हणालो, एक ओळ सांगणार. ती म्हणाली, "एक पुष्कळ झाली हो."

मग काकूंना फोन केला. "काकू, यंदा भात गार होणार."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "गार भाताने अजून कोणी मेलेलं नाही. डॉक्टर म्हणून सांगते."

शनिवारी मी सगळी नावं अ पासून ज्ञ पर्यंत लावली होती. खासगी, सरकारी, इथलं, तिथलं, सगळं एकत्र. प्रत्येकाला एक ओळ, एक शाल, एक नारळ. यमक कुठेच नव्हतं. मध्येच एका वडिलांची भुवई वर गेली, जेवणाच्या रांगेत मला पुन्हा एक 'हं' मिळणार हे मी ओळखलं आणि पुढचं नाव वाचलं. शाळामास्तराच्या ओळीला इतक्या टाळ्या पडल्या की तो गोंधळून नारळ न घेताच उतरायला लागला.

माझ्या मुलीचा नंबर बारावा आला. तिने मला बजावलं होतं, सगळ्यांना जेवढं तेवढंच, एक शब्द जास्त नको. माझा आवाज दगा देईल अशी मला धास्ती होती. दिला नाही. मी तिचं पूर्ण नाव वाचलं, मधल्या माझ्या नावासकट, आणि म्हणालो, "ही आपल्या राज्याच्या विद्यापीठात जमिनीखालचं पाणी शिकणार आहे." ती वर आली. शाल घेतली. मग नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला, आत पाणी आहे का ते. सगळं सभागृह हसलं. माझ्या नऊ वर्षांतल्या कुठल्याही यमकाला एवढं हसू मिळालेलं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मी तिथे माईक धरून उभा होतो आणि ही माझी आहे, ही माझी आहे, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

मागच्या दारात काकू उभ्या होत्या. झारा हातात होता, पण खाली. शेवटच्या नावापर्यंत तो खालीच राहिला.

भात गार झालाच. सगळ्यांनी खाल्ला. जेवणं संपल्यावर मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर काकू एकट्याच पातेली झाकत होत्या.

"काकू," मी म्हणालो, "मी एकदमच बोलावलं ते पहिलं वर्ष, चौदा मुलं होती. त्यात तुमचा धाकटा होता ना?"

"होता की. फोटो आहे घरी. मागच्या रांगेत उभा आहे. अर्धा कान दिसतो." त्यांनी झाकण नीट बसवलं. "तू फार मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा मी झारा हलवला ना, तो काही भातासाठी नव्हता रे. भात चांगला गरम होता. तू लवकर आटपावंस म्हणून हलवला. डॉक्टरचा मुलगा नर्सिंग शिकायला चाललाय, हे कोणी विचारू नये असं वाटत होतं मला. तू एकदमच बोलावलंस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं."

मी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं.

"मग काका आजारी पडले," काकू म्हणाल्या. "शेवटचे सात महिने त्यांचं सगळं त्याने केलं. मी डॉक्टर, पण मला नसतं जमलं ते. तो त्यांना उचलायचा ना, तर ते त्याच्याकडे बघून हसायचे." त्यांनी पदराने हात पुसले. "वही आहे ना तुझ्याकडे? लिही."

मी वही काढली आणि ते पान उघडलं. काकूंनी मुलाचं नाव सांगितलं, मग काकांचं, मग आडनाव, एकेक शब्द सावकाश. मी 'राज्य विद्यापीठ: १४' च्या खाली ते लिहिलं आणि पुढे लिहिलं, नर्सिंग.

एक नाव झालं. तेरा राहिली आहेत.